एका बिटात रस्त्यावरची पाटी : प्रकल्प नोंदी, रबाळे

९ जून २०२५

आजपासून नवं काम. आमचा इलेक्ट्रॉनिक डबा कंपन्यांच्या स्टाफ बसमध्ये आणि शाळेच्या बसमध्ये आधीपासून बसतो. एआयएस-१४० या गाड्यांच्या ट्रॅकिंगच्या मानकाप्रमाणे गाडी कुठे आहे ते कळवतो, पॅनिक बटण सांभाळतो आणि पुढच्या काचेवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कार्डावर लिहितो. आता याच डब्याने रस्त्यावरची वेगमर्यादेची पाटी वाचायची, ड्रायव्हरसमोरच्या छोट्या पडद्यावर आकडा दाखवायचा आणि वेग त्याच्या वर गेला तर बझर वाजवायचा.

नकाशातली वेगमर्यादा का वापरत नाही, असं बैठकीत विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. पण महापे-शिळफाटा रस्त्यावर काम निघालं की ठेकेदार रात्रीत २० ची पाटी रोवतो, आणि नकाशाला त्याचा पत्ताही नसतो. बसमधली मुलं त्या पाटीसमोरूनच जातात. पाटी वाचणं मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

बंधनं स्पष्ट आहेत. नवी चिप मिळणार नाही, पंखा मिळणार नाही, फोटो सर्व्हरवर पाठवून उत्तर मागवायचं नाही. डब्यातल्या कॉर्टेक्स-ए५३ प्रोसेसरचे चार कोअर आहेत. रेकॉर्डिंग, मोडेम आणि जीपीएस यांचं भागल्यावर एक कोअर आपल्याला मिळेल.

१२ जून

आधी वेळेचा हिशेब, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

कॅमेरा १९२० पिक्सेल रुंद, आडवा कोन ९० अंश. म्हणजे फोकल लांबी ९६० पिक्सेल. पाटीचा व्यास ६० सेंटिमीटर धरला तर ती १८ मीटरवर आल्यावर चित्रात ३२ पिक्सेलची होते. त्याआधी आकडा वाचणं कठीण. रस्त्याच्या डाव्या कडेची पाटी चार-पाच मीटरवर आली की चित्राच्या बाहेर जाते. उरले १३ मीटर. बस ५० च्या वेगात असेल तर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. म्हणजे पाटी वाचायला एक सेकंदही पुरता नाही, आणि सेकंदाला १५ फ्रेम घेतल्या तर हातात साधारण १४ फ्रेम.

त्यातही डाव्या लेनमध्ये कंटेनर असला तर निम्म्या फ्रेम तो खातो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तो असतोच.

दोन फ्रेमच्या मध्ये ६६ मिलिसेकंद. तेवढ्यात लाल कडा शोधून संशयित तुकडे काढायचे आणि प्रत्येक तुकडा न्यूरल नेटवर्कमधून, म्हणजे फोटो पाहून शिकलेल्या प्रोग्राममधून, घालवायचा. एका फ्रेममध्ये तुकडे एकाहून जास्त असणार: ब्रेकलाइट, लाल होर्डिंग, दुकानाचा बोर्ड.

१६ जून

बायनरी नेटवर्क घ्यायचं ठरलं. का, ते लिहून ठेवते. पुढे कुणी विचारलं तर हे पान दाखवता येईल.

२०१५ मध्ये कूर्बारियो, बेंजिओ आणि डेव्हिड यांनी बायनरीकनेक्ट मांडलं. त्यात वेट्स, म्हणजे नेटवर्क शिकतं ते आकडे, फक्त +१ किंवा −१. २०१६ मध्ये अॅक्टिव्हेशनही, म्हणजे एका लेयरकडून (थराकडून) पुढच्याकडे जाणारे आकडेही, तसेच केले. दोन्ही बाजू एका बिटात आल्या की गुणाकार उरतच नाही. दोन बिट सारखे असतील तर गुणाकार +१, वेगळे असतील तर −१. बिट जुळवायचे, जुळलेले मोजायचे. n बिटांपैकी p जुळले तर उत्तर २p − n. एवढंच गणित.

त्याच वर्षीच्या एक्सनॉर-नेटच्या पेपरमधले दोन आकडे सगळीकडे फिरतात: मेमरी ३२ पट कमी, कन्व्होल्यूशन (छोटा फिल्टर चित्रभर सरकवत केलेला हिशेब) ५८ पट जलद. पहिला सरळ आहे, ३२ बिटांच्या जागी एक बिट. दुसऱ्याच्या मुळाशी जायला हवं. त्यांचं सूत्र २५६ चॅनेल (एकाच चित्राचे समांतर थर) आणि ३×३ फिल्टरला ६२.२७ देतं, प्रत्यक्षात त्यांना ५८ मिळाले. पण त्या सूत्रात समोर आहे एका वेळी एकच गुणाकार करणारा प्रोसेसर, आणि आपला तसा नाही. त्याचं नीऑन युनिट, एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणारा भाग, एका सूचनेत आठ-आठ बिटांचे आठ गुणाकार करतं. ८ बिटांत १६ गुणाकार आणि त्यांची बेरीज तीन सूचनांत बसते. बायनरीत तीन सूचनांत १२८ बसतात: एक्सऑर (न जुळलेले बिट दाखवतं, उरलेले जुळलेले), मोजणी, बेरीज. म्हणजे खरा फायदा आठ पटींच्या आसपास.

आठ पट मला पुरेसे आहेत. ५८ चं आश्वासन देऊन काम घेतलं असतं तर मात्र अडचण होती. साहेबांना हाच आकडा सांगितला.

किंमत काय? त्याच पेपरमध्ये इमेजनेट या हजार प्रकारांच्या फोटोसंचावर अॅलेक्सनेट या नेटवर्कची अचूकता ५६.६ टक्क्यांवरून ४४.२ वर आली. २०२० च्या रिअॅक्टनेटने बायनरीत ६९.४ टक्क्यांपर्यंत मजल मारली, पण त्यासाठी नेटवर्कची रचना बरीच बदलावी लागली. आपल्याला हजार प्रकार ओळखायचे नाहीत. पाट्या गोल, त्रिकोणी, ठळक कडेच्या, मुद्दाम लांबून ओळखू याव्यात म्हणूनच बनवलेल्या. एका बिटाला मानवणारं काम आहे.

२० जून

रचना ठरली. चिप बनवणाऱ्या झायलिंक्सच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एफपीजीएसाठी (आतली जुळणी बदलता येणाऱ्या चिपसाठी) फिन हे काम केलं, त्यातलं सीएनव्ही नावाचं नेटवर्क आधाराला घेतलं. ३२×३२ चं रंगीत चित्र, मग ६४, ६४ चॅनेलचे लेयर, पूलिंग (शेजारच्या चारांतला मोठा ठेवून चित्र निम्मं करणं), १२८, १२८, पूलिंग, २५६, २५६. सगळे फिल्टर ३×३. शेवटचे मोठे जोडलेले लेयर आम्ही काढले. २५६ आकडे थेट शेवटच्या लेयरला जातात.

पॅडिंग, म्हणजे चित्राच्या कडेला भर घालणं, कुठेच नाही. हे मुद्दाम. एका बिटात शून्य लिहिता येत नाही. कडेला +१ भरा किंवा −१ भरा, दोन्ही खोटेच. ३२ चे ३०, ३० चे २८ असे आकसत शेवटी १×१ उरतात आणि प्रश्नच मिटतो.

आज कागदावर मांडलेला हिशेब मला या सगळ्या कामातला सर्वांत बोलका वाटतो. बायनरी लेयरची वेट्स मिळून ११,४२,७८४ बिट, म्हणजे १४० केबीच्या आत. हीच वेट्स ३२ बिटांत साडेचार एमबी झाली असती. चिपची एल-२ कॅश, म्हणजे तिच्या आतली जलद मेमरी, ५१२ केबी आहे. सगळं नेटवर्क तिच्यात राहतं, दर तुकड्याला रॅमपर्यंत जावं लागत नाही. रॅमचा रस्ता रेकॉर्डिंगने आधीच भरलेला आहे.

पण ही वेट्स आहेत कुठे? निम्म्याहून जास्त, ५,८९,८२४, एकट्या शेवटच्या कन्व्होल्यूशनमध्ये. आणि काम कुठे आहे? बायनरी भागातले एकूण ५ कोटी ७५ लाख गुणाकार, त्यातले २ कोटी ८९ लाख दुसऱ्याच लेयरमध्ये. शेवटच्या कन्व्होल्यूशनचा कामातला वाटा जेमतेम एक टक्का. मेमरीची बचत शेवटच्या लेयरमध्ये होते, वेळेची सुरुवातीच्या. ‘बायनरी केलं’ या एकाच वाक्यात या दोन वेगळ्या गोष्टी मिसळून जातात. शेवटच्या लेयरना उद्या अचूकतेसाठी जास्त बिट द्यावे लागले तर वेळ फारसा जाणार नाही. सुरुवातीच्यांना दिले तर लगेच दिसेल.

पहिला लेयर ८ बिटांचाच राहणार. गुणाकारांत त्याचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास, पण नीऑनच्या सूचना मोजल्या तर १८ टक्के. तरीही तो कापायचा नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या पिक्सेलमध्ये उजेडाच्या ज्या छटा असतात त्या इथे गेल्या की पुढे कुठेच परत मिळत नाहीत. शेवटचा लेयरही ८ बिटांचा. त्याचा भार नगण्य आहे.

२५ जून

पाट्यांचे फोटो.

जगभर जो संच वापरतात तो जर्मनीचा: जीटीएसआरबी, २०११ च्या स्पर्धेतला. ४३ प्रकार, शिकवायला ३९,२०९ चित्रं, तपासायला १२,६३०. माणसांनी त्यात ९८.८४ टक्के बरोबर ओळखल्या आणि नेटवर्कांच्या एका समूहाने ९९.४६. सुरुवात तिथूनच करणार, पण इथल्या रस्त्याला तो संच पुरत नाही.

त्यात वेगमर्यादा २०, ३०, ५०, ६०, ७०, ८०, १०० आणि १२० आहेत. ४० नाही. आपल्याकडे शहरात सारखी भेटते ती ४० च. नो पार्किंग नाही. हॉर्न वाजवू नका नाही. रेल्वेच्या पुलाखालची उंचीमर्यादा नाही. उलट बर्फाची पाटी आहे, ती काढून टाकली. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे गोल चौकाच्या पाटीवरचे बाण आपल्या उलट फिरतात. ते चित्र आरशात फिरवलं की आपलं होतं. ‘उजवीकडून जा’ फिरवलं की ‘डावीकडून जा’ मिळतं. आकड्यांच्या पाट्या मात्र फिरवायच्या नाहीत. ट्रेनिंगच्या कोडमध्ये आडवं फिरवणं सरसकट चालू असतं, ते प्रकारानुसार बंद केलं.

आयआरसी:६७ ने आपल्याकडच्या पाट्यांचे आकार आणि रंग ठरवून दिलेले आहेत: मनाईच्या गोल, सावधगिरीच्या त्रिकोणी, थांबा अष्टकोनी. कागदावर चित्र स्वच्छ आहे. रस्त्यावर तीच पाटी उन्हाने गुलाबी पडलेली असते, खांब वाकलेला असतो, कडेवर गुलमोहराची फांदी आलेली असते, नाहीतर कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स निम्म्यावर बांधलेला असतो. आम्हाला हेच फोटो हवेत. पाम बीच, सायन-पनवेल महामार्ग, ठाणे-बेलापूर रस्ता, घोडबंदर रस्ता गायमुखपर्यंत, असा पट्टा धरला आहे. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे ओल्या काचेतले फोटो भरपूर मिळताहेत. कोरड्या उन्हातले जपून वापरावे लागणार.

एक ‘यातलं काही नाही’ असा प्रकारही ठेवला. त्यात ब्रेकलाइट, लाल होर्डिंगचे कोपरे, रिक्षाच्या मागचे रिफ्लेक्टर. माझ्या मते हा प्रकार ४० च्या पाटीइतकाच मोलाचा आहे. डब्याच्या दिवसातला बहुतेक वेळ यांच्यातच जाणार.

फोटोंत गाड्यांचे नंबर आणि चेहरे येतात. फक्त पाटीचा तुकडा ठेवायचा, बाकी फ्रेम त्याच दिवशी पुसायची. हा नियम कुणासाठीही शिथिल होणार नाही.

३ जुलै

ट्रेनिंगबद्दल.

फक्त +१ की −१ सांगणाऱ्या, पायरीसारख्या फलनाचा उतार सगळीकडे शून्य असतो, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने शिकणं अडतं. उपाय असा: मागे खरे दशांशी आकडे ठेवायचे, पुढे जाताना फक्त त्यांचं चिन्ह वापरायचं, आणि चूक दुरुस्त करायला परत येताना उतार जणू पायरी नव्हतीच असा थेट जाऊ द्यायचा. मागचा आकडा ±१ च्या पलीकडे गेला की थांबवायचा.

ट्रेनिंग चालू असताना मी अचूकतेच्या आलेखापेक्षा दुसरा आलेख जास्त पाहते: दर फेरीला किती वेट्सचं चिन्ह उलटलं. मागचा आकडा शून्याच्या जवळ घुटमळत असेल तर चिन्ह सारखं पलटतं आणि नेटवर्क स्थिर होत नाही. नेहमीच्या नेटवर्कमध्ये वेट डीके, म्हणजे वेट्स हळूहळू लहान करत राहणं, चांगला. इथे तो आकडे शून्याकडे ओढतो, म्हणजे नेमका गोंधळाच्या जागी नेऊन ठेवतो. बायनरी लेयरवरून तो काढला. शेवटच्या टप्प्यात लर्निंग रेट, म्हणजे एका वेळी आकडे किती बदलायचे ते, बराच खाली आणला. पलटणं शांत झालं आणि अचूकताही वर चढली.

२०१९ मध्ये एका पेपरने असं मांडलं की हे मागचे आकडे म्हणजे वेट्स नव्हेतच, ती चिन्ह किती घट्ट बसलं आहे याची नोंद आहे. हा विचार मला पटतो. आलेख वाचताना तो फार उपयोगी पडतो.

८ जुलै

५० आणि ६० यांची गल्लत. ३० आणि ८० यांचीही. त्रिकोणी पाट्या छान.

१५ जुलै

आज कोड बोर्डावर चाललं. हा भाग सविस्तर लिहिते.

बिट चॅनेलच्या दिशेने बांधायचे: एका जागेचे ६४ चॅनेल म्हणजे ६४ बिटांचा एक शब्द. नीऑनचं रजिस्टर १२८ बिटांचं. ६४ चॅनेलच्या ३×३ खिडकीत ५७६ बिट, म्हणजे साडेचार रजिस्टर. अर्धं वाया जातं. दोन फिल्टर एकत्र घेतले की नऊ पूर्ण होतात. दुसऱ्या लेयरमध्येच निम्मं काम असल्याने ही जुळणी करणं भाग होतं.

मोजणीची सूचना दर बाइटमधले बिट मोजते, म्हणजे प्रत्येक बाइटात जास्तीत जास्त आठ. बाइटात २५५ पर्यंत मावतं, त्यामुळे ३१ मोजण्या बाइटातच साठवता येतात आणि रुंद बेरीज नंतर एकदाच करायची. आपल्याकडची सर्वांत मोठी खिडकी २५६ चॅनेलची, २,३०४ बिटांची, १८ रजिस्टरांची. १८ हे ३१ च्या आत. पूर्ण नेटवर्कमध्ये कुठेच मध्ये थांबून रुंद बेरीज करावी लागत नाही. हे कळलं तेव्हा फार समाधान वाटलं.

बॅच नॉर्मलायझेशन (लेयरचे आकडे एका पट्टीत आणणं) आणि त्यानंतरचं चिन्ह, ही सगळी दशांशी आकडेमोड दर चॅनेलला एका पूर्णांकावर येते: बेरीज या उंबरठ्याच्या वर की खाली. गुणक ऋण असेल तर तुलना उलटी. पूलिंगही सोपं. चार बिटांतला मोठा म्हणजे चारांपैकी एक जरी चढा असला तरी चढा, म्हणजे ऑर.

आणि या नेटवर्कचा एक गुण मला कुठल्याच पेपरपेक्षा जास्त भावला. मधल्या लेयरमध्ये सगळे पूर्णांक आहेत. कॉम्प्युटरवरचं साधं, हळू चालणारं कोड आणि बोर्डावरचं जलद कोड यांची उत्तरं बिटाला बिट जुळलीच पाहिजेत. दशांशात ‘थोडासा फरक पडणारच’ म्हणून खरा बग झाकला जातो. इथे तशी जागा नाही. डब्यातलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या फर्मवेअरवाल्याने दर लेयरनंतर तुलना करणारी चाचणी लिहिली. ती आता दर बिल्डला आपोआप चालते.

२४ जुलै

बसमध्ये बसवलं. बसची बॅटरी २४ व्होल्टची. सेल्फ मारला की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि डबा रीबूट होऊ पाहतो. रेकॉर्डिंगसाठी हा प्रश्न आधी सोडवलेला होता, तोच पॉवर सप्लायचा बोर्ड इथे चालला. कॅमेरा वायपर फिरतो त्या भागात असायलाच हवा. एका गाडीत तो वरच्या कोपऱ्यात होता, तो खाली घेतला.

ड्रायव्हरकाकांनी पडदा नीट पाहून घेतला. मग म्हणाले, “मॅडम, चांगलं आहे. पण एक ऐका. हे उगाच वाजायला लागलं ना, तर दुसऱ्या दिवशी वायर निघालेली दिसेल. मी नाही काढणार, पण कुणीतरी काढणार.”

“किती वेळा चुकीचं वाजलं तर चालेल, काका?”

“दिवसातनं एकदा वाजलं तर माणूस म्हणतो, असेल काहीतरी. रोज त्याच पुलाखाली वाजलं, की संपलं.”

ऑफिसला परतल्यावर हे वाक्य अचूकतेच्या तक्त्याशेजारी लिहिलं. आमच्या तक्त्यात सगळ्या चुका एकाच वजनाच्या आहेत. आणि एकाच जागी रोज होणारी चूक तिथे वेगळी दिसतही नाही.

४ ऑगस्ट

अपेक्षित होतं ते समोर आलं: टँकरच्या मागे लावलेलं गोल लाल स्टिकर, आत ४०. नेटवर्कने ते ४० म्हणून ओळखलं, आणि त्याचं बरोबरच आहे, आकडा ४० आहे. प्रश्न ओळखण्याचा नाही, ती पाटी रस्त्याची आहे का एवढाच आहे. नेटवर्कला आणखी शिकवून हे सुटणार नाही.

उत्तर भूमितीत मिळालं. डब्याला जीपीएसवरून स्वतःचा वेग माहीत आहे. पाटी जमिनीत रोवलेली असेल तर बस जितकी पुढे जाईल त्या प्रमाणात ती चित्रात मोठी व्हायला हवी. पिक्सेल रुंदीचा व्यस्त घेतला तर तो अंतराबरोबर सरळ रेषेत उतरतो. त्या उतारावरून पाटीचा खरा व्यास काढता येतो. बस सहा मीटर गेली आणि पाटी ३२ पिक्सेलवरून ४८ वर आली, तर व्यास ६० सेंटिमीटर. बरोबर बसलं.

आता चालता टँकर. बस दहा मीटर गेली, पण टँकरही पुढे सरकला आणि मधलं अंतर एकाच मीटरने कमी झालं. ३० सेंटिमीटरचं स्टिकर दहा मीटरवरून नऊवर आलं. याच सूत्राने त्याचा व्यास तीन मीटर निघतो. तीन मीटरची वेगमर्यादेची पाटी नसते, सोडून द्या. टँकर कडेला उभा असेल तर व्यास खरा निघतो, २५-३० सेंटिमीटर. तोही पाटीला लहान, सोडून द्या. ४० सेंटिमीटर ते १.२ मीटर यांच्या मधलं तेवढं घ्यायचं.

या सगळ्याला काही भागाकार लागतात, बस्स. एकही वेट वाढलं नाही. हलक्या नेटवर्कभोवती गाडीला आधीच माहीत असलेल्या गोष्टी उभ्या केल्या तर नेटवर्क हलकंच राहू शकतं.

१९ ऑगस्ट

कालपासून मुसळधार पाऊस, शाळा बंद, बस डेपोत. जुनं रेकॉर्डिंग पुन्हा लावून पाहिलं. काचेवरचा थेंब पाटीच्या मधोमध आला तर आकडा जातो, पण वायपर फिरला की पुढच्या दोन-तीन फ्रेम स्वच्छ मिळतात. एका पाटीच्या प्रत्येक फ्रेमचं उत्तर हे एक मत धरतो; ही मतं मोजताना सगळ्या फ्रेमना सारखं वजन देणं योग्य नव्हे. ज्या फ्रेममध्ये पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायातलं अंतर जास्त, तिचं मत जड. हा बदल केला आणि पावसातल्या गफलती ठळकपणे कमी झाल्या.

२९ ऑगस्ट

गणपती. रस्त्यावर कमानी, फ्लेक्स, रोषणाई. लाल रंगाचे संशयित तुकडे एरवीपेक्षा कितीतरी जास्त. ‘यातलं काही नाही’ या प्रकाराने बहुतेक सगळे परतवले. फ्रेम चुकली नाही.

पण आज वेगळीच गोष्ट दिसली, आणि ती गंभीर आहे. कंपन्यांच्या आवारात, सोसायट्यांच्या गेटवर, आतल्या काही रस्त्यांवर पाटीवर देवनागरी आकडे असतात. २० आणि ३० चा प्रश्न नाही, दोन्ही लिप्यांत आकार जवळचे आहेत. अडचण ४ ची. देवनागरी ४ ला खाली गाठ आणि वर उघडं तोंड. ३२ पिक्सेलच्या तुकड्यात, लाल कडा वगळल्यावर आकड्याला दहा-बारा पिक्सेल उंची मिळते आणि ते उघडं तोंड दोन-तीन पिक्सेलचं उरतं. ते मिटलं की इंग्रजी ८. म्हणजे शाळेजवळच्या ४० च्या पाटीवर पडदा ८० दाखवणार. याहून वाईट चूक या डब्याला करता येणार नाही.

अचूकतेच्या टक्केवारीत ही चूक दिसत नाही. अशा पाट्या संचात थोड्या आहेत, दोन-चार चुकल्या तरी एकूण आकडा हलत नाही.

२ सप्टेंबर

देवनागरी ४० साठी वेगळा प्रकार केला. शेवटच्या लेयरमध्ये २५६ वेट्सची भर पडली, इतकीच. नेटवर्कला दोन वेगळे आकार वेगळे शिकू दिले आणि पडद्याआधी दोन्हींना एकच आकडा दिला. ट्रेनिंगसाठी खऱ्या पाट्या कमी पडत होत्या, म्हणून वेगवेगळ्या वळणांचे देवनागरी आकडे कोऱ्या पाटीच्या फोटोवर रंगवून, पुसट करून, वाकवून चित्रं तयार केली. हाताने रंगवलेल्या पाटीचं वळण छापील अक्षरासारखं नसतं. त्यासाठी पेंटरने रंगवलेल्या जुन्या पाट्यांचे फोटो गोळा करून त्यांतले ४ वेगळे कापले.

पहिला लेयर ८ बिटांचा ठेवल्याचा उपयोग इथे थेट दिसला. तुलनेसाठी पहिला लेयरही बायनरी केलेलं एक नेटवर्क शिकवलं होतं. त्याला ४ चं उघडं तोंड दिसतच नाही, कितीही चित्रं दाखवली तरी.

५ सप्टेंबर

निर्णयाचा नियम बदलला. आतापर्यंत जास्त मतं त्याला आकडा. आता दिशा पाहायची.

आधी दिसत असलेल्या आकड्यापेक्षा मर्यादा खाली जात असेल तर थोड्या फ्रेमवरही पडद्यावर घ्यायची, पण बझर लगेच नाही. बझर पूर्ण पुराव्यावरच: पुरेशी मतं, व्यासाची तपासणी पास, आणि दुसऱ्या पर्यायापासून अंतर. मर्यादा वर जात असेल तर पडद्यासाठीही पूर्ण पुरावा हवा. ४० आणि ८० एकमेकांचे पहिला-दुसरा पर्याय असतील तर ८० कधीच नाही. पुरावा अर्धवट असेल आणि खालचा आकडाही ठरत नसेल तर पडदा कोरा. ड्रायव्हरला रस्ता दिसतो आहे, तो पाहील.

काकांच्या म्हणण्यासाठी आणखी एक गोष्ट जोडली. त्याच ठिकाणी, त्याच दिशेने बझर पुन्हा वाजला तर डबा तो तुकडा आणि जागा आमच्याकडे पाठवतो. एकाच पुलाखाली रोज होणारी चूक आता आम्हाला ड्रायव्हरच्या आधी कळेल.

९ सप्टेंबर

फर्मवेअर गोठवलं. नेटवर्क, उंबरठे आणि पाट्यांची यादी मिळून फाइल अजूनही २०० केबीच्या आत आहे. मोबाइल डेटावर रात्री डेपोत उभ्या गाड्यांना पाठवायला काहीच जड नाही. पुढच्या आठवड्यात घोडबंदर मार्गावरच्या बसमध्ये बसवायचं. तिथे रस्त्याचं काम चालू असतं, तात्पुरत्या पाट्या बांबूला बांधलेल्या, तिरक्या आणि माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असतात. तिरकेपणासाठी शोधणाऱ्या भागाला लंबवर्तुळ ओळखावं लागेल. ते काम फर्मवेअरवाल्याने घेतलं आहे, आणि मी बांबूवरच्या पाट्यांचे फोटो काढायला सोमवारी माजिवड्यापासून सुरुवात करते.